ओटागो सेंट्रल रेल ट्रेल: चढाचं सोडा, वाऱ्याचं बोला

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्लाइड ते मिडलमार्च हा १५२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. डुनेडिनकडून आत शिरलेली रेल्वे १८९१ मध्ये मिडलमार्चला पोचली आणि १९०७ मध्ये क्लाइडला. १९९० मध्ये मिडलमार्चपुढची रेल्वे बंद पडली, रूळ उचलले गेले, वर बारीक खडी पसरली आणि २००० पासून अख्खा मार्ग सायकलींना खुला झाला. मोटारींना मज्जाव, वापरायला शुल्क नाही. 'सोपा मार्ग' म्हणून त्याचं नाव आहे. ते नाव अर्धंच खरं आहे.

खरं अर्ध आधी सांगतो. चढ कसा आहे हे कळायला मुंबईकराने बोरघाट आठवावा. तिथे रेल्वेचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. या मार्गावरचा सगळ्यात कडक चढ ५०ला १, तोही चॅटो क्रीक ते ओमाकाऊमधल्या टायगर हिलवर. ओटुरेहुआ आणि वेडरबर्नच्या मध्ये सर्वोच्च जागा येते, ६१८ मीटर. कोणत्याही टोकाने निघा, तिथवरचा चढ सत्तर-ऐंशी किलोमीटरवर पसरलेला असतो. छातीवर येणारा नाहीच.

पण चढ नाही म्हणजे उतारही नाही. पेडल थांबवून सायकल सोडून द्यावी, जरा उभं राहावं, अशी संधी क्वचित मिळते. शहरात दर पाच मिनिटांनी सिग्नल बुडाला विश्रांती देतो, इथे चार-पाच तास सीट सोडायला कारणच नसतं. दुसऱ्या दिवशी हैराण होतात ते पायांमुळे नव्हे, बुडामुळे आणि मनगटांमुळे. तेव्हा सराव घाटात करू नका. पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर न थांबता, पेडल न सोडता दोन तास सलग चालवा, आठवड्यातून दोनदा, निदान सहा आठवडे.

आता वारा. हा मार्ग सरळ नाही, घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. क्लाइडहून ओटुरेहुआपर्यंत ईशान्येला, मग रॅनफर्लीकडे आग्नेयेला, शेवटी हाइडवरून मिडलमार्चला दक्षिणेकडे. म्हणून चारही दिवस पाठीशी वारा अशी दिशाच नसते. वायव्येचा वारा असेल तर क्लाइडहून निघणाऱ्याला पहिला भाग आडवा लागतो, पण ओटुरेहुआनंतर तो ढकलत नेतो. दक्षिणेचा थंड वारा सुटला की शेवटचे सत्तावीस किलोमीटर, हाइड ते मिडलमार्च, अगदी उघड्यावर त्याच्या तोंडावर जायचं. बहुतेक जण क्लाइडहूनच निघतात आणि आमचंही मत तेच. मात्र त्या शेवटच्या दिवशी सकाळी लवकर निघा. वारा दुपारी वाढतो.

चार दिवसांची वाटणी अशी: क्लाइड ते लॉडर सुमारे ४४ किलोमीटर, लॉडर ते वेडरबर्न ३५, वेडरबर्न ते हाइड ४६, हाइड ते मिडलमार्च २७. दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवलाय. लॉडर सोडलं की पूलबर्न घळ येते: दोनशे मीटरहून लांब दोन बोगदे आणि ३७ मीटर उंचीचा दगडी खांबांचा पूल. बोगद्यांत दिवे नाहीत, खाली जमीन ओबडधोबड. हँडलवरचा लुकलुकणारा दिवा इथे कामाचा नाही. हेडटॉर्च लावा आणि सायकल हातात धरून चाला. पुढे ओटुरेहुआला हेज इंजिनिअरिंगचा जुना कारखाना आहे, एका शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरणारी यंत्रं अजून जागेवर आहेत. त्याला दीड तास द्या. लॉडर ते ओटुरेहुआ या बावीस किलोमीटरमध्ये दुकान नाही आणि हाइडनंतरही तेच, म्हणून दोन लिटर पाणी अंगावर हवं. घळींत मोबाइलला रेंज मिळेलच असं धरू नका.

तीन दिवसांत उरकणारे पॅकेजही मिळतं. ते घेऊ नये. पहिल्याच दिवशी साठच्या पुढे गेलं की तिसऱ्या दिवशी सीटवर टेकवत नाही.

सायकल मुंबईहून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? भाड्याने. त्यात साधारणपणे हेल्मेट, पंप, पंक्चरचं सामान, पॅनियर (सायकलला अडकवायच्या पिशव्या) आणि एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी बॅग पोचवणं येतं. सगळं येतंच असं नाही, पैसे भरण्याआधी एकेक बाब लिहून मागा, बॅगेच्या वजनाची मर्यादासुद्धा. मिडलमार्चहून परतीची शटलही त्याच वेळी पक्की करा. स्वतःची सायकल नेली तर सीमेवरची जैवसुरक्षा तपासणी असते. टायरच्या खाचेत चिखल सापडला तर सायकल अडते. बूट आणि तंबूलाही तोच नियम. खाण्याचा प्रत्येक पदार्थ अर्जावर घोषित करा, चकली, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी सगळं. घोषित केलेलं फार तर ते काढून घेतील, लपवलेल्याला जागच्या जागी ४०० डॉलर दंड आहे.

भाड्याच्या सायकलवर स्वतःची सीट मात्र न्यावी. बॅगेत तिला जागा फार लागत नाही. बहुतेक सीटपोस्टवर ५ किंवा ६ मिलिमीटरच्या ॲलन कीने काम होतं. घरच्या सायकलवर बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. सीट दोन सेंटिमीटर खाली राहिली तरी ओमाकाऊपर्यंत गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. टायर चाळीस मिलिमीटरच्या वरचे मागा आणि हवा दगडासारखी भरू नका. सत्तर किलोच्या माणसाला ४० पीएसआयच्या आसपास ठीक. जास्त भरली की खडीचा प्रत्येक दाणा तळहातात उतरतो आणि बोटं बधिर होतात. ई-बाइक घेत असाल तर कंपनीने सांगितलेल्या अंतरातून समोरच्या वाऱ्यासाठी तिसरा हिस्सा वजा करा.

हंगाम: फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य उत्तम. मे महिन्याची शाळेची सुट्टी इथे चालत नाही. तिथे तेव्हा हिवाळा तोंडावर असतो आणि अनेक कॅफे, मुक्काम बंद होत जातात. दिवाळीची सुट्टी चालेल, पण वसंतातला वारा गृहीत धरून. पावसाची धास्ती नको: क्लाइडजवळच्या अलेक्झांड्रात वर्षभरात साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, सांताक्रूझला एकट्या जुलैत त्याच्या दुपटीहून जास्त. उन्हाची धास्ती मात्र हवी. हवा गार लागते म्हणून कळत नाही आणि मानेची कातडी सोलून निघते.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात असं म्हणतात, तेवढे होत नाहीत. पण गावं चार घरांची, स्वयंपाकघर रात्री लवकर बंद. जेवणाचं मुक्काम बुक करतानाच कळवा. जैन जेवण हवं असेल तर भात शिजवायची सोय असलेली खोली मागा, रेस्टॉरंटवर विसंबू नका.

सर्वांत रटाळ भाग कोणता असेल तर तोच शेवटचा, हाइड ते मिडलमार्च. एका बाजूला रॉक अँड पिलर डोंगराची रांग, दुसरीकडे शेतं, आणि ते दृश्य सत्तावीस किलोमीटर हलत नाही. गाडी पकडायची घाई नसेल तर हाइडच्या जवळ थांबा. ४ जून १९४३ रोजी इथे रेल्वे घसरून २१ जण गेले, त्यांचं स्मारक मार्गालगत आहे. मिडलमार्चला सायकल परत करण्याआधी स्वतःची सीट काढून घ्या. शटल उभी असताना ती हमखास विसरली जाते.