पाकिटावर तारीख छापा हो! तबेल्यातल्या माश्यांवर मित्रकीटक : हंगामभराचा अनुभव

घरमाश्यांच्या कोषात अंडी घालून त्यांना मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, म्हणजेच हे मित्रकीटक, कोषांच्या रूपात पाकिटातून विकत मिळतात. या वेळच्या पाकिटात जिवंत असं काही नव्हतंच. कोष फुटलेले आणि तळाशी मेलेल्या गांधीलमाश्यांचा भुगा. कंपनीला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "पाकीट मिळाल्यावर लगेच सोडायचं असतं." अहो, मिळालंच मेलेलं! कोष कधी भरले ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. बियाण्याच्या पिशवीवर तारीख असते, जंताच्या औषधावर असते. मग ज्या मालाचं आयुष्यच थोड्या दिवसांचं, त्यावर नको?

या तारखेवरून मी इतका का चिडतो, तेही सांगतो. उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून उडण्यापर्यंत सात ते दहा दिवसांत पोचते. कोषात अंडं घालणाऱ्या स्पॅलांजिया किंवा मस्किडिफ्युरॅक्स जातीच्या गांधीलमाशीला मात्र साधारण तीन आठवडे लागतात. शर्यत मुळातच विषम आहे, म्हणून तर हंगामभर ठरावीक अंतराने नवी पाकिटं सोडत राहायचं. एक पाकीट वाया गेलं की तेवढ्यात माश्यांची एक अख्खी पिढी उडून जाते. पैसे परत मिळाले तरी ती पिढी परत कोषात जात नाही. पैसेही मिळाले नाहीत, ते वेगळंच.

आता मालाबद्दल. सुरुवातीचा महिनाभर मी या प्रकाराला सरळ लुबाडणूक म्हणत होतो. माश्या होत्या तेवढ्याच. या गांधीलमाश्या उडत्या माशीच्या वाटेला जातच नाहीत, त्यामुळे आधी असलेल्या माश्या आपलं आयुष्य संपवूनच जातात. मग एकदा उकिरड्याच्या कडेची कोरडी लीद उकरून तपकिरी कोष वेचले आणि भिंगाखाली धरले. माशी बाहेर पडली असेल तर कोषाचं एक टोक टोपणासारखं उघडलेलं दिसतं. गांधीलमाशी पडली असेल तर एक बारीक, गोल भोक. गोल भोकंवाले कोष बरेच निघाले आणि तिथे माझं मत बदललं. माल काम करतो, फक्त ते काम दिसायला उकिरडा उकरावा लागतो. ज्यांना शंका असेल त्यांनी विक्रेत्याशी वाद घालण्यापेक्षा भिंग घ्यावं.

पाकीट कुठे रिकामं करायचं याची सूचना कंपनी देते, पण कोंबड्यांचा उल्लेख करत नाही. उघड्यावर टाकलेले कोष कोंबड्या टिपतात, उरलेले मुंग्या नेतात. लिदीच्या ढिगाजवळ, ओल आणि ऊन दोन्ही टाळून, थोडं मातीत झाकून ठेवा. आणि भिंतींवर फवारणी नको. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम 'नैसर्गिक' म्हणून विकतात. ते नैसर्गिक आहेही, पण गांधीलमाशीलाही तितकंच मारतं.

घरमाश्या कमी झाल्या तरी घोड्यांचं खूर आपटणं थांबेना. ती वेगळीच माशी, स्टोमॉक्सिस. दिसायला घरमाशीच, पण तोंडाशी पुढे आलेली टोकदार सोंड. पायांना चावते आणि नर-मादी दोघंही रक्त पितात. वासाच्या सापळ्याच्या बाटलीत ती येत नाही, कारण तिला कुजका वास नको, रक्त हवं. तिचे कोषही गांधीलमाश्या फोडतात, पण ती लांबून उडत येऊ शकते. तिच्यावर खरा उपाय म्हणजे गव्हाणीखालचा ओला, मुतानं भिजलेला पेंढा आणि सांडून आंबलेला चारा काढून टाकणं. माझ्याकडे पाण्याच्या हौदाची गळती बंद केली आणि तो कोपरा आठवड्यातून दोनदा खरवडायला लागलो, तेव्हा फरक पडला. त्याचं श्रेय पाकिटाला देणार नाही.

निळ्या दिव्याची विजेची जाळी घेऊ नका. 1996 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अशा यंत्रांत मेलेले कीटक मोजले होते : 13,789 पैकी चावणारे फक्त 31. बाकी बिचारे न चावणारे कीटक. लिंबाच्या वासाचे तेलकट फवारे काही तास टिकतात, घोड्याला घाम आला की संपले. दिवसातून तीनदा फवारायला तेवढी बाटली आणि तेवढा धीर कोणाकडे असतो? मोठ्या गोमाश्यांसाठी काळ्या चेंडूचा सापळा ऐकून आहे, वापरलेला नाही. गाईंवर झेब्र्यासारखे पट्टे रंगवले तर चावे जवळपास निम्मे होतात, असं जपानमध्ये 2019 साली दिसलं. पण घोडी पट्टे रंगवू देईल असं तिचा स्वभाव सांगत नाही.

अनपेक्षित आनंद दिला तो साध्या पंख्याने. संध्याकाळी आणि पहाटे येणारी चिलटं एक ते तीन मिलिमीटरची, उडायला अगदी कमकुवत. वाऱ्याचा झोत चालू असला की ती जनावरावर बसूच शकत नाहीत. चिलटांच्या चाव्यांनी सुटणारी मानेची आणि शेपटीची खाज घासून घासून जी घोडी केस घालवत होती, तिची ती जागा भरून आली. मला वाटलं होतं पंखा फक्त गारव्यासाठी.

सारांश विचाराल तर मित्रकीटक घेत राहणार, पण दुसऱ्या पुरवठादाराकडून. त्याने पाकिटावर तारीख हाताने लिहून द्यायचं कबूल केलं आहे. पहिल्या कंपनीला मी एक तारा देतो, तोही कोषांना, त्यांना नाही.

पंख्याबद्दल मात्र दोन गोष्टी. भुश्शाची धूळ मोटारीत साठते आणि सुका पेंढा जवळ असताना गरम मोटार म्हणजे आगीला आमंत्रण, म्हणून धूळबंद मोटारीचाच पंखा घ्या आणि वायर दातांच्या आवाक्याबाहेर ठेवा. आणि चिलटांसाठी जाळी लावायची असेल तर डासांची नेहमीची जाळी चालणार नाही, त्यातून ती आरामात आत येतात. फार बारीक छिद्रांची जाळी लागते, आणि ती हवाही अडवते, त्यामुळे जाळी लावलीत तर पंखा आणखी गरजेचा.