लातूरची रविवारची फिजिक्सच्या गणितांची (न्यूमेरिकल) बॅच: विमानातून सोडलेलं पाकीट पडतं कुठं?

मी औशाहून एसटीनं ये-जा करते. गेल्या वर्षी एका मोठ्या क्लासला होते. तिथं प्रोजेक्टाइलची, म्हणजे फेकलेल्या किंवा सोडलेल्या वस्तूची, सगळी सूत्रं एका पानावर दिली आणि पाठ करा म्हणाले. विमानातून पाकीट सोडलं की मी सरळ ‘साइन दोन थीटा’वालं रेंजचं, म्हणजे वस्तू आडवी किती लांब पडते त्याचं, सूत्र लावायची; त्यात थीटा म्हणजे फेकण्याचा कोन. विमान आडवं उडतंय म्हणजे कोन शून्य, मग रेंजही शून्य! कुठं चुकतंय हे वर्षभर कुणी सांगितलं नाही.

यंदा ही छोटी बॅच लावली. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. हातात डस्टर घेऊन झपाझप चालत निघाले आणि मध्येच, न थांबता, तो सोडला. पडेल कुठं, असं आधीच विचारलं होतं. आम्ही सगळ्यांनी मागं बोट दाखवलं होतं. डस्टर सरांच्या पायाशीच पडला, शहाबादी फरशीवर खडूची पांढरी खूण उमटली. “हातातून सुटला म्हणून त्याचा पुढचा वेग कुठं जाईल?” एवढंच म्हणाले.

मग गणित. विमान ताशी 360 किमी, उंची 500 मीटर. वहीत मधोमध रेघ. डावीकडं आडवं, उजवीकडं उभं. आधी 5/18 नं गुणून वेग सेकंदाला 100 मीटर. उभ्या बाजूला सुरुवातीचा वेग शून्य, g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) 10 धरला की वेळ 10 सेकंद. तीच वेळ रेघ ओलांडून डावीकडं न्यायची: 1000 मीटर. म्हणजे पाकीट एक किलोमीटर आधी सोडायचं, आणि ते जमिनीला टेकतं तेव्हा विमान बरोबर त्याच्या डोक्यावर असतं. हवेचा विरोध धरला तर पाकीट मागं राहील, हेही सरांनी स्पष्ट सांगितलं. त्या रेघेनं माझी भीती गेली, खरंच.

तक्रार एकच. वर चढणाऱ्या विमानाचं गणित घाईत उरकलं. 30 अंशांत चढताना त्याच वेगानं 375 मीटरवरून सोडलं तर पाकीट आधी वर जातं. खालची दिशा धन धरली की सुरुवातीचा उभा वेग उणे 50, आणि वेळ 15 सेकंद. हे उणे चिन्ह अर्ध्या वर्गानं खाल्लं. मी विचारल्यावर सरांनी बॅच सुटल्यावर अर्धा तास थांबून पुन्हा सोडवून दिलं, माझी एसटी गेली तरी चालेल वाटलं.

जागा अरुंद आहे, बाकावर चौघं बसतात. जाणार असाल तर पुढचा बाक धरा. मागून फळ्यावरचा उजवीकडचा रकाना दिसत नाही.