सातबारा नाही, तरी माणूस सापडतो: नॉर्थ कॅरोलिनाच्या जमीन-दप्तरात आठ महिने

भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालो आणि लेकीकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या राजधानीत रॅलेला आलो. जावयानं काम लावून दिलं: त्याचा मूळ पुरुष यॅडकिन नदीच्या खोऱ्यात कधी आला, त्याची मुलं कोण, शोधा. या राज्यात जन्मनोंद सुरू झाली 1913 मध्ये आणि हा गडी 1750 च्या दशकातला. उरतात जमिनीचे आणि वारसाचे कागद. म्हटलं, हे आपलंच खातं.

आठ महिन्यांत मुख्यतः तीन गोष्टी वापरल्या. काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, खरेदीखतांची पुस्तकं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर, खातं फुकट. सरकारी जमीनवाटपाचे कागद एनसी लँड ग्रँट्स या संकेतस्थळावर. आणि राज्य अभिलेखागार तर रॅलेतच.

मोजणीचे कागद पाहून जीव हरखला. हद्द अशी लिहितात: पांढऱ्या ओकपासून दक्षिणेला 160 पोल, तिथून अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोलांची 66 फुटी साखळी. आमच्या जुन्या मोजणीतली सोळा आण्यांची 33 फुटी साखळी तिच्या बरोबर निम्मी. म्हणजे दोन पोल लांब, दोन पोल रुंद तुकडा हा आपला गुंठाच! हे सुचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. लेकीला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, झोपा."

मोजणीत साखळी धरणाऱ्यांची नावं असतात. ती सोडू नका. बहुतेकदा मुलगा, मेहुणा, नाहीतर शेजारी. आमचे दोन मुलगे तिथेच हाती लागले.

सगळ्यात जास्त घाम काढला तो कोऱ्या पट्ट्यानं. राज्याच्या उत्तरेकडची जमीन लॉर्ड ग्रॅनव्हिल या इंग्रज उमरावाची. 1763 मध्ये तो वारला, त्याचं कार्यालय बंद पडलं आणि इंग्रजांपासून वेगळं झालेलं नवं राज्य वाटप करू लागलं ते 1778 मध्ये. मधली पंधरा वर्षं लोक येत होते, झाडं तोडून पेरत होते, पण नावावर काही नाही. आमचा माणूसही 1778 मध्ये आभाळातून पडल्यासारखा उगवतो. शेजाऱ्यांच्या खतांतल्या चतुःसीमा वाचल्या तेव्हा त्यांत त्याचा बांध आधीपासूनच होता. शिवाय जिल्हे फुटत गेले: रोवनमधून सरी, सरीतून विल्क्स. रत्नागिरीतून 1981 मध्ये सिंधुदुर्ग निघाला तसंच. माणूस जागचा हललेला नसतो, दप्तर हलतं.

वारसाचं वेगळंच गणित. 1784 पर्यंत मृत्युपत्राविना बाप गेला की सगळी जमीन थोरल्याकडे, तीही कागदाविना. फेरफार शोधत बसाल तर काही मिळणार नाही. उलटं शोधा: जी जमीन कधी घेतलीच नाही ती विकणारा कोण? तोच थोरला. आम्हाला तो असाच सापडला. आणि न्यायालयाच्या वहीत 'ऑर्फन' दिसलं म्हणून गहिवरू नका. बाप गेलेलं पोर असा त्याचा अर्थ. आई बहुधा जिवंत असते.

मृताच्या सामानाची यादी मात्र वाचवत नाही. किटली, नांगर, दोन गायी, आणि त्याच ओळीखाली किंमत लावलेली गुलाम माणसं, आडनावाशिवाय. जावई बराच वेळ काही बोलला नाही. ती पानं मी वेगळ्या फाइलीत ठेवली आहेत. त्यांचेही वंशज कुणीतरी शोधत असतील आणि त्यांना हीच यादी लागेल.

तक्रारी? वर्गणी भरून घेतलेल्या एका सेवेनं यंत्राकडून हस्ताक्षर वाचून घेतलं होतं. नाव इतक्या प्रकारे चुकलेलं की सरळ शोधात निम्मे कागद निसटले. शेवटी पानं उलटतच वाचली. दुसरं, खतांचा नकाशा काढणारं एक सॉफ्टवेअर. हद्द जुळली नाही की कोपरा स्वतःच सरकवायचं आणि सांगायचंही नाही. आता मी आलेख कागद आणि कोनमापक वापरतो.

पाच मुलगे पक्के झाले. मुली लग्नानंतर आडनावासकट गायब. एकीचा माग लिलावाच्या यादीवरून लागला: बापाच्या मालमत्तेच्या विक्रीत अनोळखी आडनावाच्या एका माणसानं फक्त चरखा घेतला होता. पुढे त्यानंच जमीन विकली, तेव्हा खतावर बायकोचीही संमती होती. जावयाच्या आजीचं नाव तेच आहे.