रेलकार्डची नोटीस आली: पैसे भरून मिटवायचं, कबूल करायचं, की लढायचं?

मुंबईच्या लोकलमध्ये टीसीने धरलं की पुढे काय होतं, ते आपल्याला पाठ असतं. भाडं अधिक २५० रुपये, पावती फाडली, विषय संपला. इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी हाच हिशेब डोक्यात घेऊन येतात. इथला तपासनीस मात्र कधीकधी एक पेनीही न घेता सोडून देतो. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून घेतो, दोन-चार प्रश्न विचारतो, तेही अगदी अदबीने. आपल्याला वाटतं, सुटलो. काही आठवड्यांनी दारात पाकीट पडतं: रेलकार्डावर (भाड्यात सवलत देणाऱ्या कार्डावर) काढलेलं सवलतीचं तिकीट वैध नव्हतं, तुमच्यावर खटला भरण्याचा विचार चालू आहे, तुमचं म्हणणं कळवा.

आधी पाकिटात नेमकं काय आहे ते बघा, कारण तीन वेगळ्या गोष्टी लोक सर्रास एकच समजतात. पेनल्टी फेअर, म्हणजे रेल्वेने लावलेलं दंडाचं भाडं, असेल तर ते फौजदारी प्रकरण नाही. २०२३ च्या जानेवारीपासून इंग्लंडमध्ये ती रक्कम १०० पौंड अधिक एकेरी भाडं आहे, २१ दिवसांत भरली तर १०० चे ५० होतात, आणि त्याच मुदतीत अपीलही करता येतं. दुसरा प्रकार म्हणजे रेल्वे कंपनीचं 'तुमची बाजू सांगा' असं पत्र. यात अजून खटला दाखल झालेला नसतो. तिसरा प्रकार न्यायालयाकडून आलेली सिंगल जस्टिस प्रोसिजर नोटीस, म्हणजे एकच मॅजिस्ट्रेट कागदपत्रं बघून निकाल देतो ती पद्धत. तिथे आरोप ठेवला गेलेला असतो आणि कबूल की नाकबूल हे २१ दिवसांत कळवायचं असतं. दुसऱ्या पत्राच्या वेळी हातात सगळ्यात जास्त पर्याय असतात, म्हणून पुढची तुलना मुख्यतः तिथूनच करतो. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे, स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी.

कोणता कायदा लावणार, यावर बरंच अवलंबून आहे. रेल्वेच्या बायलॉजमधला (पोटनियमांमधला) नियम १८ सांगतो की वैध तिकिटाशिवाय गाडीत बसलात म्हणजे गुन्हा झाला. हेतू काय होता हे कोणी विचारत नाही. कमाल दंड १००० पौंड. दुसरा कायदा १८८९ चा, रेग्युलेशन ऑफ रेल्वेज ॲक्ट. त्यात भाडं चुकवण्याचा इरादा होता हे कंपनीला सिद्ध करावं लागतं, पण झालं तर १००० पौंड दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. कैदेपर्यंत प्रकरण सहसा जात नाही. पण कैदेची तरतूद असल्यामुळे हा गुन्हा पोलिसांच्या नोंदीत जाण्याच्या वर्गातला ठरतो.

आता तुमची भानगड यातल्या कुठल्या खणात बसते? कार्ड गेल्या महिन्यात संपलं आणि ॲपमध्ये सवलतीची खूण तशीच राहिली, ही सगळ्यात साधी चूक. १६-२५ किंवा २६-३० वयोगटाचं कार्ड खरं आहे, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेचार ते दहा या वेळेतली १२ पौंडांची किमान भाड्याची अट (सवलत धरूनही भाडं त्याखाली जात नाही) लक्षात आली नाही, ही दुसरी. २०२४ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या एका तरुणाला याच अटीपायी, फक्त १ पौंड ९० पेनीच्या फरकासाठी, खटल्याची धमकी मिळाली. बातमी गाजली, खटला मागे घेतला गेला आणि सरकारने रेल्वेच्या नियामकाला चौकशी करायला सांगितलं. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या त्या अहवालाने मान्य केलं की सारख्याच चुकीसाठी प्रवाशांना वेगवेगळी वागणूक मिळते. म्हणजे मित्राला पेनल्टी फेअरवर सोडलं म्हणून तुम्हालाही सोडतील, असं धरून चालू नका.

तिसरा खण जास्त अवघड. कार्ड कधी काढलंच नाही आणि चार महिने सवलतीची तिकिटं घेतली. कंपनी ॲपमधून आधीच्या खरेदीचा इतिहास मागवू शकते आणि मागवतेही. म्हणून उत्तर लिहायला बसण्याआधी तोच इतिहास स्वतः उघडून बघा. 'असं पहिल्यांदाच झालं' हे वाक्य लिहावंसं वाटतंच, पण समोरच्याच्या टेबलावर तुमच्या तीस तिकिटांची यादी असेल तर त्या एका वाक्याने सगळं पत्र मातीत जातं. प्रश्न विचारण्याआधी तपासनीसाने 'तुम्ही बोलायलाच हवं असं नाही' या अर्थाचं काही म्हटलं होतं का, तेही आठवा. म्हटलं असेल तर फलाटावरची तुमची उत्तरं जबानी म्हणून लिहिली गेली आहेत, आणि पत्रातली हकीकत तिच्याशी जुळायला हवी. कार्डाचा स्क्रीनशॉट बदलून दाखवला होता, अशी काही गोष्ट असेल तर हा लेख बाजूला ठेवा, एक अक्षरही न लिहिता आधी सॉलिसिटर (वकील) गाठा.

आता पर्याय. खरी तुलना दोघांचीच आहे: कंपनीशी न्यायालयाबाहेर तडजोड, आणि बायलॉखाली गुन्ह्याची कबुली. गंमत अशी की पैशांत पाहिलं तर कबुली स्वस्त पडू शकते. दंड आठवड्याच्या उत्पन्नावर ठरतो. उत्पन्न अगदीच कमी असेल तर न्यायालय आठवड्याला १२० पौंड धरतं. समजा दंड अर्ध्या आठवड्याचा लावला: ६० पौंड. लगेच कबूल केल्याबद्दल एक तृतीयांश सूट, उरले ४०. त्यावर ४० टक्के अधिभार, म्हणजे १६. झाले ५६, अधिक बुडालेलं भाडं आणि कंपनीचा खटल्याचा खर्च. तडजोडीची रक्कम मात्र कंपनी ठरवते, ती सहसा तीन आकडी असते, आणि विद्यार्थी आहात म्हणून कमी होईल असं नाही. पार्ट टाइम कामावर घरभाडं भरणाऱ्या पोराला कबुलीचा मोह होणं स्वाभाविक आहे.

तरीही माझं मत ठाम आहे: तडजोड मिळत असेल तर उधार घेऊन भरा. कबुली म्हणजे दोषसिद्धी. इथल्या कायद्यात दंडाची शिक्षा वर्षभराने जुनी होते आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगावी लागत नाही. पण व्हिसाच्या अर्जाला ती सवलत लागू नाही. ग्रॅज्युएट व्हिसा, स्किल्ड वर्कर, पुढे कायम वास्तव्य, नागरिकत्व, प्रत्येक टप्प्यावर दोषसिद्धीबद्दल विचारतात आणि तिथे बायलॉखालचा छोटा दंडसुद्धा लिहावा लागतो. त्या एका दंडाने व्हिसा नाकारतीलच असं नाही. लपवलं तर मात्र लपवल्याबद्दल नाकारतात. ब्रिटिश वर्गमित्र खांदे उडवून म्हणेल, कबूल करून टाक. त्याचं बरोबर आहे, त्याला दर दोन-तीन वर्षांनी कोणाला अर्ज करायचा नसतो. नर्सिंग, वैद्यकी, वकिली, अकाउंटन्सी असल्या नियामक संस्थेच्या व्यवसायात जायचं असेल तर हीच गोष्ट दुप्पट लागू.

तडजोडीची मेख एवढीच की तो तुमचा हक्क नाही. कंपनी नाही म्हणू शकते, आणि इतिहास मोठा असेल तर म्हणतेही. पण एकदा नकार आला म्हणून दार कायमचं बंद होत नाही. पुन्हा लिहिता येतं, आणि सुनावणीच्या दिवशी सकाळी कंपनीच्या वकिलाशी बोलून मिटल्याचीही प्रकरणं होतात.

लढणं कधी? तिकीट खरोखर वैध होतं, चढलात त्या स्टेशनवर तिकीट घ्यायची सोयच नव्हती, किंवा रेल्वेच्या अधिकृत माणसाने बसायला परवानगी दिली होती, आणि याचा काही पुरावा हातात आहे, तेव्हा. आरोप १८८९ च्या कायद्याचा असेल आणि तुमची खरोखर नजरचूक असेल, तेव्हाही. इरादा सिद्ध करणं त्यांचं काम. नियम १८ पुढे 'माझा हेतू नव्हता' हा बचाव चालत नाही, तिथे लढून फक्त एक तृतीयांश सूट घालवाल आणि त्यांचा वाढीव खर्च अंगावर घ्याल.

गप्प बसणं हा पर्याय नाही, तरी लोक तोच सर्वात जास्त निवडतात. उत्तर न दिल्यास न्यायालय तुमच्या गैरहजेरीत निकाल देतं. उत्पन्न माहीत नसल्यामुळे ते आठवड्याला ४४० पौंड धरतं. मघाचाच हिशेब करा: दंड २२०, सूट शून्य, अधिभार ८८, एकूण ३०८, खर्च वेगळा. वर दोषसिद्धी आहेच.

उत्तर एका पानाच्या आत बसवा. संदर्भ क्रमांक, तारीख, गाडी. काय घडलं ते दोन-तीन वाक्यांत. चूक मान्य आहे आणि खेद आहे, हे स्पष्टपणे. नंतर कार्ड काढलं असेल तर त्याची प्रत. बुडालेलं भाडं आणि कंपनीचा वाजवी प्रशासकीय खर्च भरायला तयार आहे, प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावं, ही विनंती. दोषसिद्धीचा व्हिसावर किंवा व्यवसायावर परिणाम होईल, हे एका वाक्यात सांगायला हरकत नाही. घरची परिस्थिती, बाबांचं कर्ज, परीक्षेचा ताण यांची तीन पानं लिहू नका. तपासनीस उद्धट होता ही तक्रार खरी असली तरी या पत्रात नको. पाठवण्याआधी विद्यापीठाच्या स्टुडंट युनियनच्या सल्ला केंद्रात किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत दाखवा, दोन्हीकडे फुकट बघतात. तडजोड झाली की 'प्रकरण बंद' असं लेखी घ्या आणि पैसे मुदतीआधी भरा.

आणि पत्ता. सप्टेंबरमध्ये हॉल (विद्यापीठाचं वसतिगृह) सोडून घर भाड्याने घेतलंत आणि पत्रं जुन्या दारात पडत राहिली, हे आपल्या पोरांच्या बाबतीत नेहमीचं. अशा गुन्ह्यांसाठी खटला दाखल करायला कंपनीला घटनेपासून सहा महिने असतात, म्हणून नाव लिहून घेतलं गेलं असेल तर तेवढा काळ जुन्या घरची टपाल तपासत राहा. न कळताच निकाल लागला असेल तर कळल्यापासून २१ दिवसांत न्यायालयात शपथेवर तसं सांगता येतं. मग तो निकाल रद्द होतो, प्रकरण पुन्हा सुरुवातीला येतं, आणि तडजोडीचं पत्र तेव्हाही लिहिता येतं.