ऑस्टिनमध्ये डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा: वाया 313

मिशिगन सोडून टेक्सासला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी सगळ्यात जास्त काय मिस केलं असेल तर पिझ्झ्याची कड. बाकीच्या पिझ्झ्यांची कड लोक ताटात तशीच टाकून उठतात, पण आम्ही डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहायचो तेव्हा घरात पिझ्झा आला की कोपऱ्याचा तुकडा कोणाला यावरून भांडणं व्हायची. ती कड ज्यानं खाल्ली नाही त्याला कसं समजावून सांगू, तर बासुंदी करून झाल्यावर आजी पातेल्याची खरवड उलथन्यानं खरवडून आम्हा भावंडांना वाटायची ना, तशी. किंचित करपलेली, लालसर, दाताला चिकटणारी, फक्त ही चीजची असल्यामुळे खारट आणि जास्त कुरकुरीत.

तर हा रिव्ह्यू ऑस्टिनच्या वाया 313 या पिझ्झाच्या रेस्टॉरंटचा आहे. पण आधी थोडं डेट्रॉइटबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी एवढी का नाचतेय ते कळणार नाही.

पुण्यात आपल्या पिढीनं पहिला पिझ्झा बहुतेक डॉमिनोजचाच खाल्ला असेल. ते डॉमिनोज पण मूळचं मिशिगनचंच, 1960 ला इप्सिलँटी गावात सुरू झालं, डेट्रॉइटपासून गाडीनं तासाभरावर. लिटल सीझर्स त्याच्या एक वर्ष आधीचं, तेही डेट्रॉइटच्याच उपनगरातलं. म्हणजे जगभर गोल पिझ्झा पोचवणाऱ्या दोन मोठ्या चेन त्याच भागातल्या, आणि त्या गावाचा स्वतःचा पिझ्झा मात्र चौकोनी, आणि तो कितीतरी वर्षं गावाबाहेर फारसा कोणाला माहीतच नव्हता! तिथले लोक त्याला डेट्रॉइट स्टाइल वगैरे म्हणतही नाहीत, नुसतं स्क्वेअर म्हणतात. आपण तरी कुठे कोल्हापुरात बसून कोल्हापुरी मिसळ द्या असं म्हणतो.

हा चौकोनी पिझ्झा सुरू झाला 1946 मध्ये, डेट्रॉइटच्या कॉनंट आणि सिक्स माइल या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या बडीज रॉन्देव्हू नावाच्या बारमध्ये. मालक गस ग्वेरा, पीठ सिसिलीच्या जाड पिझ्झ्याच्या पद्धतीचं, आणि भाजायला भांडं कुठलं तर निळसर पोलादी पत्र्याचे खोलगट चौकोनी ट्रे, जे तेव्हा गाड्यांच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरायचे. कारखान्यांचं गाव, ट्रे सगळीकडे, कोणीतरी ते स्वयंपाकघरात आणले, अशी तिकडे सांगतात ती गोष्ट. ग्वेरांनी नंतर ती जागा सोडून 1953 मध्ये क्लोव्हरलीफ नावाचा बार घेतला, तो पण अजून चालू आहे. आम्ही दोन्हीकडे असंख्य वेळा गेलोय, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत टेबलावर तो गरम ट्रे, ते सुख काही वेगळंच होतं.

ट्रेची गोष्ट खरी की नुसती सांगोवांगी, याबद्दल माझ्या मनात कायम शंका असायची. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबांची सगळी नोकरी भोसरीत प्रेस शॉपमध्ये गेली. मी ट्रॉयहून निघताना दोन पोलादी पॅन विकत घेऊन आले होते, ते ओट्यावर पालथे ठेवलेले, मी बाबांना एका शब्दानं काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी एक उचललं, उलटं केलं, कडेची दुमड अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "अगं, हे तर आमच्याकडचे पार्ट ठेवायचे ट्रे. तू स्वयंपाकात काय करतेस याचं?" मी तिथेच खुर्ची ओढून बसले आणि त्यांना सगळी गोष्ट सांगितली. एका कारखान्याच्या गावची वस्तू दुसऱ्या कारखान्याच्या गावातला माणूस हाताच्या अंदाजानं ओळखतो, मला तर भरूनच आलं.

आता तो पॅन इतका महत्त्वाचा का, तर सगळी करामत तिथेच आहे. पत्रा जाड आणि गडद रंगाचा, त्यामुळे उष्णता भरपूर धरतो आणि पिठाला खालून जवळजवळ तळून काढतो. चीज मधेच न ठेवता थेट पत्र्याच्या भिंतीपर्यंत लोटायचं, म्हणजे ते वितळून कडेनं खाली उतरतं आणि तिथेच तापलेल्या पत्र्याला चिकटून करपतं, ती ती खरवड. त्याची चरबी खाली उतरून बुडाला लागते म्हणून बूडही खुसखुशीत. आणि पॅन वापरून वापरून मुरलेला पाहिजे, आपला बिडाचा तवा कसा पहिल्या दिवशी घावन सोडत नाही आणि दहा वर्षांनी नुसत्या फडक्यानं पुसला तरी चालतो, अगदी तसंच.

दुसरी गोष्ट चीज. मोझरेला नाही, ब्रिक चीज, विस्कॉन्सिनचं. जॉन जॉसी नावाच्या मूळच्या स्विस माणसानं 1877 मध्ये ते सुरू केलं, दाबायला विटा वापरायचे म्हणून नाव ब्रिक. मोझरेलापेक्षा त्यात स्निग्धांश जास्त, चवीला लोण्यासारखं आणि थोडा आंबूस वास. तिसरी, सॉस वरून. आधी पीठ, मग पेपरोनी (मसालेदार सॉसेजच्या चकत्या) असेल तर ती, मग चीज, आणि सगळ्यात वर टोमॅटो सॉसचे दोन-तीन जाड पट्टे, त्यांना रेसिंग स्ट्राइप्स म्हणतात कारण गाडीच्या बॉनेटवरच्या पट्ट्यांसारखे दिसतात. यामुळे पीठ सॉसखाली भिजून गिचगिच होत नाही.

ऑस्टिनला आल्यावर पहिल्या वर्षात मी दोन ठिकाणी "डेट्रॉइट स्टाइल" लिहिलेलं बघून धावत गेले. नावं लिहीत नाही. एका ठिकाणी चौकोनी जाड पाव, मधोमध चीजचा ढीग, कड सगळीकडून पांढरी आणि कोरडी, सॉस खाली. दुसरीकडे सॉस वर होता पण चीज मोझरेला आणि कडेपासून बोटभर लांब, मग खरवड होणार कुठून. दोन्ही पदार्थ वाईट नव्हते हो, पोट भरलं, पण नुसतं चौकोनी पॅनमध्ये भाजलं म्हणून डेट्रॉइट होत नाही. 2021 मध्ये पिझ्झा हटनं अमेरिकाभर डेट्रॉइट स्टाइल काढला तेव्हापासून नाव सगळ्यांना माहीत झालं, पण नाव माहीत असणं वेगळं आणि ती कड ओळखता येणं वेगळं. मी मधे घरी पण करून बघितला, ब्रिक चीज मला इकडच्या दुकानांत मिळेना म्हणून मोझरेला आणि मॉन्टेरे जॅक अर्धं अर्धं घातलं, कड बऱ्यापैकी जमली, चव नाही जमली.

मग ऑफिसमधल्या एकानं, तोही मिशिगनचाच, टेस्लाची फॅक्टरी आल्यापासून तिकडचे बरेच इकडे आलेत, त्यानं विचारलं की तू अजून थ्री वन थ्रीला गेली नाहीस? मला तर नावच पुरलं. 313 हा डेट्रॉइट शहराचा फोनचा एरिया कोड (आमचा ट्रॉयचा 248, पण तेवढं चालतं). झेन आणि ब्रँडन हंट हे डेट्रॉइटकडचे दोघे भाऊ, ऑस्टिनला आले, त्यांनाही हीच हुरहुर लागली असणार, आणि 2011 मध्ये एका बारच्या बाहेर ट्रेलर लावून त्यांनी पिझ्झा विकायला सुरुवात केली. ट्रेलरपासून आज बऱ्याच शाखा झाल्यात.

आई-बाबा असतानाच आम्ही चौघं गेलो, मुद्दाम मंगळवारी संध्याकाळी लवकर, म्हणजे गर्दी कमी. बाबांना आणि मला डेट्रॉइटर नावाचा पिझ्झा, नवऱ्याला कॅडिलॅक नावाचा, आणि आईसाठी साधा चीजचा, वर मशरूम आणि कांदा. सगळे छोटे मागवले आणि तेच करा असं मी सगळ्यांना सांगेन, कारण छोट्या पॅनचे चार तुकडे म्हणजे चारही कोपऱ्याचे! मोठ्याचे आठ होतात आणि त्यात चौघांच्याच नशिबी कोपरा.

भाजायला वेळ लागतो, त्याची घाई करू नका. पिझ्झा समोर आला आणि मी आधी नुसती कडेकडे बघत बसले. गडद तपकिरी, काही ठिकाणी जवळजवळ काळी, वरती जाळीसारखी उभी राहिलेली. काट्यानं टकटक केलं तर आवाज आला. मग तुकडा उचलून उलटा केला, माझी ही सवय घरच्यांना माहिती आहे, बूड एकसारखं सोनेरी आणि तळल्यासारखं, बोटाला किंचित तेल. तोडल्यावर आत मोठी मोठी भोकं, इतकी उंची असून पीठ हलकं, कारण या पिठात पाणी भरपूर असतं आणि ते पॅनमध्येच फुगायला ठेवतात. पहिला घास कोपऱ्याचाच घेतला. चीजचा तो लोण्यासारखा आंबूस वास, ब्रिकच, शंकाच नाही. मी डोळे मिटले आणि खरंच सांगते, मला ट्रॉयच्या बिग बीव्हर रोडवरचा सिग्नल दिसला.

डेट्रॉइटरमध्ये पेपरोनी दोन प्रकारची आहे, एक चीजच्या खाली, जुनी पद्धत तीच, आणि एक वर, जी भाजताना वाटीसारखी वळते आणि कडांना कुरकुरते. खालची चीजमध्ये रस सोडते, वरची चावायला मजा देते. डेट्रॉइटच्या जुन्या माणसाला वरची पेपरोनी कदाचित जास्तीची वाटेल, मला आवडली. सॉस गोडाकडे झुकलेला नाही, टोमॅटोची आंबट चव सरळ लागते आणि एवढ्या चीजला तेच हवं.

कॅडिलॅकबद्दल मी आधी साशंक होते, कारण अंजिराचा जॅम, गोर्गोन्झोला (उग्र वासाचं निळ्या शिरांचं इटालियन चीज), प्रोशुट्टो (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप) आणि वरून गोडसर बाल्सामिक व्हिनेगर, हे काही डेट्रॉइटच्या बारमध्ये मिळणारं नाही. नाव मात्र नेमकं ठेवलंय, कॅडिलॅक हा 1701 मध्ये डेट्रॉइट वसवणारा फ्रेंच माणूस, गाडीला नाव त्याचंच दिलेलं. नवऱ्याच्या ताटातला एक तुकडा खाल्ला आणि माझं मत बदललं. करपलेली खारट कड आणि मऊ गोड अंजीर एका घासात आले की भारी लागतं, मला सासवडची अंजिरं आठवली. गोर्गोन्झोलाचा वास ज्यांना सोसत नाही त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

आईनं मशरूमवाला खाल्ला. ती पिझ्झा म्हटलं की अर्धा तुकडा खाऊन पाणी पिणारी, तिनं दोन पूर्ण संपवले आणि उरलेल्या एका कोपऱ्याची कड मोडून बाबांच्या ताटात ठेवली, "खरवड घ्या" म्हणून. मी तिला तो शब्द सांगितला नव्हता. शाकाहारी लोकांनी निर्धास्त जावं, साध्या चीजच्या पिझ्झ्यातच कडेची आणि सॉसची चव सगळ्यात स्वच्छ कळते, मी पहिल्यांदा जाणाऱ्याला तोच घ्या म्हणेन आणि पुढच्या वेळी बाकीचे.

आता लोक विचारतात की तिकडच्यासारखाच आहे का. डेट्रॉइटपासून ऑस्टिन 1,300 मैलांहून जास्त लांब, हवा वेगळी, पाणी वेगळं. पण मला आता पटलंय की या पिझ्झ्याला गावचं पाणी लागत नाही, मुरलेला पोलादी पॅन, ब्रिक चीज आणि ते चीज भिंतीपर्यंत लोटणारा हात लागतो. 2012 मध्ये लास वेगासच्या पिझ्झा एक्स्पोमध्ये डेट्रॉइटच्या शॉन रँडाझोनं हाच चौकोनी पिझ्झा करून जागतिक स्पर्धा जिंकली होती, तोही गावापासून इतका लांबच केलेला ना. बडीजमध्ये मागे बोचे (जमिनीवर चेंडू लोटायचा इटालियन खेळ) खेळायची कोर्टं आहेत, म्हातारे लोक गप्पा मारत बसतात, ते वातावरण इथे मिळणार नाही आणि मी ते शोधायला गेलेही नव्हते. पिझ्झा विचाराल तर डोळे बांधून दिला असता तर मी मिशिगनचा म्हणून सांगितलं असतं.

शक्यतो तिथेच बसून खा. बंद खोक्यात वाफ धरते आणि कड मऊ पडते, हे कुठल्याही दुकानातून आणला तरी होणारच. आम्हाला घरी यायला पंचवीस मिनिटं लागतात, त्यामुळे पार्सल आणलाच तर खोक्याचं झाकण गाडीत अर्धवट उघडं ठेवतो. दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये अजिबात घालू नका. बिडाचा तवा मंद आचेवर ठेवा, तेल नको, तुकडा ठेवून वर झाकण, तीन-चार मिनिटं, मग झाकण काढून अजून एक मिनिट. बूड परत कुरकुरीत होतं आणि तव्याला लागलेलं चीज उलथन्यानं काढून ज्यानं गरम केला त्यानं खायचं, आमच्याकडे तसा नियम आहे.