मदरशात फिक्ह शिकायचं की लॉ कॉलेजात? बारावीनंतर ठरवणाऱ्यांसाठी

बारावी झालीय, हनफी फिक्ह, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या परंपरेतलं इस्लामी कायद्याचं शास्त्र, मनापासून शिकायचंय, पुढं शिकवायचं पण आहे, आणि घरचे म्हणतायत त्यापेक्षा एलएलबी कर, त्यात मुस्लिम लॉ असतोच. आपल्याकडं जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच घरात हे चालू असतं. मी आधी मदरसा आणि मग लॉ असं दोन्हीकडं शिकलोय, तर पहिली गोष्ट ही की दोन्हीकडं एकच विषय शिकवतात असं समजून निवडू नका.

मदरसा म्हणजे आलिम (धर्मपंडित) व्हायचा कोर्स, साधारण सात-आठ वर्षं, राहणं-खाणं बहुतेक ठिकाणी फुकट. खान्देशात अक्कलकुव्याचा जामिया इशाअतुल उलूम आहे, १९७९ चा, लांबलांबून पोरं येतात. फिक्हची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं चढतात, नूरुल ईजाह, मग कुदूरी, मग कन्झ, शरह विकाया, शेवटी हिदाया. वर्गात एक जण अरबी इबारत (मूळ मजकूर) मोठ्यानं वाचतो, जेर-जबर (स्वरांच्या खुणा) चुकली की उस्ताद तिथंच थांबवतात, मग उर्दूत समजावतात, आणि रात्री पोरं गोल बसून तोच सबक (धडा) एकमेकांना परत सांगतात, त्याला तकरार म्हणतात. शिकवायची सवय खरी तिथंच लागते. हिदायात तर दुसऱ्या मजहबाच्या, म्हणजे फिक्हच्या दुसऱ्या परंपरेच्या, इमाम शाफईंचं मत दलीलसकट (पुराव्यासकट) आधी मांडतात, मग हनफी उत्तर, म्हणजे दुसऱ्याची बाजू नीट मांडता आल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

लॉ कॉलेजात हे नाही. बारावीनंतर पाच वर्षं किंवा ग्रॅज्युएशननंतर तीन, त्यात मुस्लिम लॉ फॅमिली लॉच्या पेपरात हिंदू लॉच्या सोबत येतो, दिनशा मुल्ला या कायदेपंडितांचं पुस्तक आणि कोर्टाचे निकाल, झालं. इंग्रजांच्या कोर्टांनी जे हिदायाचं भाषांतर वापरलं ते १७९१ चं, आणि ते पण मूळ अरबीवरून नाही तर फारसीवरून केलेलं.

पण फरक खरा कळतो तो एखाद्या मसल्यात (धर्मकायद्याच्या प्रश्नात). नवरा बेपत्ता झाला, बायकोनं किती वाट बघायची? कुदूरीत लिहिलंय की नवऱ्याच्या जन्मापासून १२० वर्षं झाली की तो मेला असं धरायचं. मालिकी मजहबात, ही फिक्हची आणखी एक परंपरा, चार वर्षं. बायकांचे फार हाल व्हायचे म्हणून हनफी आलिम मौलाना अशरफ अली थानवींनी १९३० च्या दशकात मालिकी मत घ्यायची वाट मोकळी केली, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात चार वर्षं पत्ता नसेल तर कोर्टातून तलाक मिळेल असं आलं. लॉच्या पोराला ती चार वर्षं एका ओळीत पाठ असतात पण कुठून आली ते माहीत नसतं, मदरशाच्या पोराला १२० वर्षांची इबारत तोंडपाठ पण डिक्री निघाल्यावर पण सहा महिने थांबावं लागतं हे कोणी सांगितलेलं नसतं. दारात आलेल्या बाईला दोन्ही लागतं हो.

वारशाचं पण तसंच. सिराजी हे वारशाचं पुस्तक शिकलेला मुफ्ती (फतवा, म्हणजे धार्मिक मत, देणारा आलिम) पाच मिनिटांत हिस्से काढून देतो, बायकोला आठवा, मुलीला मुलाच्या निम्मा. पण १९३७ च्या शरियत कायद्यानं शेतजमीन बाहेर ठेवलीय, आणि आपल्याकडं वारसा म्हणजे बहुतेक शेतच, केळीचं नाहीतर कापसाचं, मग सातबारा घेऊन वकिलाकडंच जावं लागतं. आणि फतवा कोर्टाच्या हुकुमासारखा कोणावर बंधनकारक नाही, सुप्रीम कोर्टानं २०१४ ला स्पष्ट सांगितलंय. त्यानं फतव्याची किंमत कमी होत नाही, माणूस अल्लाहला जाब द्यायचाय म्हणूनच विचारायला येतो, पण देणाऱ्याला हद्द माहीत पाहिजे.

पैशाचं सांगायचं तर मदरशातल्या उस्तादचा पगार कमीच असतो, लपवण्यात अर्थ नाही. वकिलीत पण पहिली काही वर्षं सिनियरच्या हाताखाली ओढाताणच.

ऑनलाईन कोर्स? नमाज-रोज्याचे मसले शिकायला चांगले, पण त्या जोरावर दुसऱ्याला फतवा द्यायला बसू नका प्लीज.

माझं मत विचाराल तर शिकवायचं असेल तर मदरसाच, आणि आत असतानाच मुक्त विद्यापीठातून नाहीतर इग्नूतून बाहेरून बीए करून घ्या, कारण तीन वर्षांच्या एलएलबीला मान्यतेची डिग्री लागते. इफ्ता (फतवा द्यायचं पुढचं शिक्षण) करायचा विचार असेल तर लॉ नंतर कराच. फक्त बायकांच्या केसेस लढायच्या असतील तर सरळ पाच वर्षांचं लॉ घ्या आणि एखाद्या मुफ्ती साहेबांकडं बसून निदान कुदूरीचे निकाह-तलाकचे बाब (प्रकरणं) वाचून घ्या. मदरशातले प्रवेश रमजान ईदनंतर शव्वालमध्ये होतात, लॉला सीईटी द्यावी लागते, दोन्ही तारखा वेगळ्या असतात, म्हणून ठरलं नसेल तरी सीईटीचा फॉर्म भरून ठेवा.