मालकाचं लॉगिन, भावाचं लॉगिन: सरकारी रोजगार सेवा वर्षभर वापरल्यावर

आमच्या घरात राज्य सरकारच्या रोजगार नोंदणी पोर्टलची दोन खाती आहेत. एक माझ्या हातात, नोकरी देणाऱ्याच्या बाजूचं. मी ३८ माणसांच्या एका पॅकेजिंग कारखान्यात हिशेब आणि माणसांचे कागद सांभाळते. दुसरं धाकट्या भावाचं. तो डिप्लोमा मेकॅनिकल, नोकरीच्या शोधात. जुलै २०२४ पासून दोन्ही खाती आम्ही नियमित वापरतोय.

बाबांच्या तोंडी अजून ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’च, म्हणजे जुनं सेवायोजन कार्यालय. त्यांच्या काळी नाव नोंदवायचं, कार्ड जपायचं, वेळेवर नूतनीकरण करायचं आणि मुलाखतीच्या कॉलची वाट बघायची. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांवर थांबू नका, जाहिरात देऊन इतरांनाही संधी द्या. त्यानंतर त्या कार्डाचं वजन उतरलं. बाबांना हे कोणी कळवलं नाही. त्यांनी भावाला नाव नोंदवायला लावलं आणि पठ्ठ्या तीन महिने कॉलची वाट बघत बसला.

मग एक दिवस गंमत झाली. आम्हाला मेंटेनन्सला एक डिप्लोमावाला हवा होता. मी कारखान्याच्या लॉगिनमधून आमच्या जिल्ह्यातले मेकॅनिकल डिप्लोमावाले शोधले. यादी आली, दोनदा वरून खाली पाहिली, भावाचं नाव नाही! त्याने नोंदणी केली होती बारावीनंतर. पुढे डिप्लोमा झाला, पण प्रोफाइलमध्ये तो कधी चढवलाच नाही. म्हणजे सरकारदरबारी आमचा इंजिनिअर अजून बारावी पास. त्याच संध्याकाळी अर्धा तास बसून शिक्षण, सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा) कोर्स आणि चालू मोबाईल नंबर भरला. सगळं भरून झाल्यावर पंधरा दिवसांत दोन फोन आले. नोंदणी करून ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी आपलं प्रोफाइल उघडून बघावं.

तिसराही एक फोन आला होता. ‘तुमची निवड झाली आहे, फाइल चार्ज भरा.’ नोंदणीला, रोजगार मेळाव्याला किंवा मुलाखतीला या सेवेत एक रुपया लागत नाही. केंद्राचं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल २०१५ पासून आहे, तेही मोफतच. पैसे मागितले की फोन ठेवायचा.

आता माझी बाजू. रिक्त जागा कळवण्याची सक्ती १९५९च्या कायद्याने आणली. त्या कायद्यात खासगीत २५ किंवा जास्त माणसं असली की ती लागू व्हायची. दर तिमाहीला माणसांचं आणि रिक्त जागांचं ईआर-१ विवरणपत्र द्यावं लागायचं, तिमाही संपल्यावर तीस दिवसांत. मी कित्येक वर्षं ते डोळे मिटून भरायचे: किती पुरुष, किती स्त्रिया, रिक्त जागा शून्य, सबमिट. जागा कळवली म्हणजे तिथूनच माणूस घ्यायचा, असं बंधन त्या कायद्याने घातलं नव्हतं. जागा न कळवल्याचा दंड पहिल्या वेळी जास्तीत जास्त पाचशे रुपये होता. त्यामुळे आमच्यासारखे बरेच जण उपचार म्हणूनच हे करायचे. मेळाव्यातही तसाच नमुना पाहिला. शेजारच्या टेबलावरच्या कंपनीने दुपारपर्यंत गठ्ठाभर बायोडेटा गोळा केले. चहाच्या वेळी त्यांचाच माणूस म्हणाला, सध्या भरती बंद आहे, साहेबांनी हजेरी लावायला पाठवलंय. ती पोरं उन्हात रांगेत उभी होती.

यादीतून फोन करणं हे वेगळंच प्रकरण. कोणाचा नंबर बंद, कोणाचं लग्न होऊन गाव बदललेलं, कोणी दोन वर्षांपूर्वीच नोकरीला लागलेलं. पहिल्या दिवशी तीस फोन केले आणि मुलाखतीला आले चार. त्यातला एक ऑपरेटर अजून आमच्याकडे आहे आणि चांगला आहे. पण तीस फोन म्हणजे माझी एक अख्खी दुपार गेली.

अशा दुपारी वाया जायच्या थांबल्या त्या जिल्हा केंद्रामुळे. कार्यालयाचं नाव लांबलचक आहे: जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. एकदा स्वतः जाऊन काय काम आहे, शिफ्ट कोणत्या, हातात किती पडतील, हे तिथल्या मॅडमना सांगितलं. तेव्हापासून त्या नेमकी चार-पाच नावं सुचवतात, आणि ती येतात. पोर्टलवरच्या जाहिरातीत आम्ही ‘आकर्षक वेतन’ लिहिलं होतं, ते त्यांनी आकडा टाकायला लावलं. बरोबरच होतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही आम्ही उतरलो. सरकार महिन्याला विद्यावेतन देतं: बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत आधी सहा महिने होती, पुढे अकरा झाली. उद्योगाला मनुष्यबळाच्या दहा टक्के प्रशिक्षणार्थी चालतात, म्हणजे आम्हाला तिघेच. आस्थापना किमान तीन वर्षं जुनी हवी आणि ईपीएफ (भविष्य निधी), ईएसआयसी (कामगार विमा), जीएसटीचे कागद लागतात. आलेल्या दोघांपैकी एकाचे पैसे दोन महिने दिसेनात. खूप शोधलं तेव्हा कळलं की रक्कम येत होती, पण शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्यात. आधार ज्या खात्याला जोडलेलं, तिथे पैसे जातात. फॉर्मवर कोणतं खातं लिहिलं हे तिथे चालत नाही. आता पहिल्याच दिवशी बँकेत जाऊन ते तपासून घ्यायला सांगते. मुदत संपल्यावर एकाला आम्ही कायम केलं. दुसऱ्याला घेता आलं नाही. ऑर्डरच नव्हत्या, आणि त्याला ते सांगणं मला जड गेलं.

भावाला फेब्रुवारीतल्या मेळाव्यातून काम मिळालं. पंप दुरुस्तीचं छोटं युनिट आहे. मालकाने टेबलावरच व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात देऊन रीडिंग घ्यायला लावलं, बायोडेटा नंतर पाहिला. पगार फार नाही, पण काम शिकायला मिळतंय.

परवा जेवताना त्याचा फोन वाजला. कुठल्याशा कंपनीतली मुलगी विचारत होती, मेंटेनन्सची जागा आहे, येणार का? तो म्हणाला, अहो, मी लागलोय नोकरीला. पलीकडून ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “मग पोर्टलवर तसं टाका ना.” पाच महिने झाले तरी त्याच्या प्रोफाइलवर ‘बेरोजगार’च आहे. रविवारी त्याला लॅपटॉपसमोर बसवणार आहे.